ॲप तयार आहे, पण ते अजून तुझ्याच लॅपटॉपवर आहे

पत्र, थोडक्यात: मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येतं, रिॲक्टही थोडंफार येतं. प्रोजेक्ट म्हणून इलेक्ट्रॉन (वेबच्या भाषांत डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन) वापरून ग्रंथालयातली पुस्तकांची देवघेव नोंदवणारं डेस्कटॉप ॲप केलं आहे. माझ्या लॅपटॉपवर ते छान चालतं. पण मैत्रिणी म्हणतात, डेस्कटॉपचे दिवस गेले. एक सीनिअर म्हणतो, सी प्लस प्लस न शिकता केलेलं डेस्कटॉप ॲप खरं नव्हेच. हे सोडून सरळ वेबसाइटच्या कामाकडे वळू का? यात नोकरी मिळेल का?

उत्तर:

सोडू नकोस. या प्रोजेक्टमधून तुला जे शिकायला मिळणार आहे, त्याचा मोठा भाग अजून सुरूच झालेला नाही.

आधी नोकरीचं सांगते. ‘इलेक्ट्रॉन डेव्हलपर’ अशा नावाने निघणाऱ्या जागा मोजक्या असतात, त्या नावाने शोधत बसलीस तर निराश होशील. जाहिरात बहुतेक वेळा फ्रंटएंड (पडद्यावर दिसणारी बाजू) किंवा फुलस्टॅकची (ती आणि सर्व्हरची, दोन्ही) असते आणि कामाच्या वर्णनात खाली कुठेतरी डेस्कटॉप क्लायंटचा उल्लेख येतो. म्हणजे वेब की डेस्कटॉप, अशी निवड तुला करावीच लागत नाही. वेबचं ज्ञान तुझा पाया राहतं आणि त्यावर एक असं कौशल्य चढतं, जे वेबवाल्या बहुतेक उमेदवारांकडे नसतं.

डेस्कटॉपचे दिवस गेले म्हणणाऱ्यांना व्हीएस कोड, स्लॅक आणि डिस्कॉर्ड ही इलेक्ट्रॉनवरच बनलेल्या ॲपची नावं सांग. कोड ठेवायची वेबसेवा असलेल्या गिटहबने २०१३ मध्ये आपल्या ॲटम या कोड लिहायच्या एडिटरसाठी ‘ॲटम शेल’ बांधायला घेतलं, २०१५ मध्ये त्याचं नाव इलेक्ट्रॉन झालं आणि त्याच वर्षी त्यावर उभा राहिलेला व्हीएस कोड हा एडिटर लोकांसमोर आला. ॲटम २०२२च्या डिसेंबरमध्ये बंद झाला. इलेक्ट्रॉन मात्र टिकला, कारण तोवर त्यावर असंख्य इतर ॲप उभी होती.

सीनिअरच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धं. इलेक्ट्रॉनचं प्रत्येक ॲप स्वतःचं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) सोबत घेऊन येतं. त्यामुळे रिकामी खिडकी दाखवणारं ॲपसुद्धा शंभर एमबीच्या घरात जातं आणि मेमरीही बरीच खातं. टाउरी हा दुसरा रस्ता आहे. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०२२ मध्ये आली. तो ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आधीपासून असलेला वेबव्ह्यू (वेब पान दाखवणारा भाग) वापरतो, म्हणून ॲप काही एमबींतच आटोपतं. पण मग विंडोजवर क्रोमियमच्या कुळातलं इंजिन, मॅक आणि लिनक्सवर वेबकिट हे वेगळं इंजिन, असं होतं आणि एकच पान तिन्हीकडे तपासावं लागतं. शिवाय मागची बाजू रस्ट या वेगळ्या भाषेत आहे. तुझ्या प्रोजेक्टला आत्ता इलेक्ट्रॉनच ठेव. मुलाखतीत ‘हे का निवडलं’ असं विचारलं, तर या दोन्ही बाजू सांगता आल्या पाहिजेत. सी प्लस प्लस आवडलं तर जरूर शिक, पण तुझं काम त्यावाचून अडलेलं नाही.

आता मुद्द्याचं. ‘माझ्या लॅपटॉपवर छान चालतं’ असं तू लिहिलं आहेस. या क्षेत्रातलं खरं काम या वाक्यानंतर सुरू होतं.

ॲपचं पॅकेज (दुसऱ्याला बसवता येईल असा संच) कर, त्यासाठी इलेक्ट्रॉन फोर्ज किंवा इलेक्ट्रॉन बिल्डर वापर, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर बसव. बहुधा पहिली अडचण डेटाची येईल. विकसित करताना नोंदींची फाईल कोडशेजारीच ठेवलेली असते. पॅकेज झाल्यावर कोड असार नावाच्या एका बंद फाईलमध्ये जातो आणि तिच्यात लिहिता येत नाही. शिवाय विंडोजच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या युजरला लिहायची परवानगी नसते. नोंदी ‘युजर डेटा’च्या फोल्डरमध्ये जायला हव्यात आणि त्याचा पत्ता इलेक्ट्रॉनलाच विचारायचा असतो. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं मॉड्यूल वापरत असशील, तर ते नोडमध्ये चालेल पण इलेक्ट्रॉनसाठी पुन्हा बिल्ड करावं लागेल. विंडोजला लोगोच्या फाईलच्या नावातलं मोठं अक्षर आणि लहान अक्षर सारखंच, लिनक्सला ती दोन वेगळी नावं, म्हणून तिथे चित्र गायब होतं. मॅकवर खिडकी बंद केली तरी ॲप चालू राहावं, अशी लोकांची अपेक्षा असते. आणि स्वतःचा मेन्यू बनवताना त्यात एडिटचे नेहमीचे पर्याय ठेवले नाहीत, तर मॅकवर कॉपी-पेस्टचे शॉर्टकट चालतच नाहीत. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण दुसऱ्याच्या मशीनवर पाऊल ठेवल्याशिवाय ती दिसत नाही.

मग येतो विश्वासाचा प्रश्न. विंडोजवर सही (ॲप कुणाचं आहे हे सांगणारी डिजिटल खूण) नसलेला इन्स्टॉलर उघडला की स्मार्टस्क्रीन ही विंडोजची सुरक्षा-सोय इशारा देते. नव्या ॲपला सही केल्यावरही ओळख तयार होईपर्यंत तो इशारा दिसू शकतो. २०२३च्या जूनपासून सहीसाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटची खासगी किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्ये ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे साधी फाईल घेऊन सही उरकता येत नाही. मॅकवर सहीबरोबर ॲपलकडून नोटरायझेशनही (ॲपची स्वयंचलित तपासणी) करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी वर्षाला ९९ डॉलरचं डेव्हलपर सदस्यत्व लागतं. विद्यार्थिनी म्हणून हा खर्च तू करू नकोस. पण हे सगळं का असतं, किल्ली कुणाच्या हाती पडली तर काय होईल, हे समजून घे. मुलाखतीत असे प्रश्न नवख्यांना क्वचित विचारतात, म्हणूनच तू स्वतःहून बोललीस तर समोरचा लक्ष देऊन ऐकेल.

अपडेटकडेही असंच बघ. वेबसाइट सर्व्हरवर बदलली की सगळ्यांची बदलते. डेस्कटॉपवर तुझी पहिली आवृत्ती कुणाच्या तरी मशीनवर वर्षभर तशीच पडून राहते आणि तो माणूस मधल्या आवृत्त्या गाळून थेट चौथीवर येतो. त्याच्या जुन्या नोंदी तेव्हा शाबूत राहिल्या पाहिजेत. हे नीट जमवणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो, कारण तो पडद्यापलीकडच्या माणसाचा विचार करतो.

सुरक्षेबाबत एकच आग्रह. जुन्या ट्युटोरियलमध्ये रेंडररला (ॲपचं पान दाखवणाऱ्या भागाला) थेट नोड वापरू देणाऱ्या सेटिंग चालू करायला सांगतात. ते करू नकोस. तसं केलं, तर पानात घुसलेली एक वाईट स्क्रिप्ट युजरच्या सगळ्या फाईलींपर्यंत पोचू शकते. म्हणूनच इलेक्ट्रॉनच्या पाचव्या आवृत्तीपासून रेंडररमधलं नोड आपोआप बंद असतं, बाराव्यापासून कॉन्टेक्स्ट आयसोलेशन (पानाचा कोड ॲपच्या आतल्या कोडपासून वेगळा ठेवणं) आणि विसाव्यापासून सँडबॉक्स (पानाला सिस्टीमपासून अलग ठेवणारी चौकट) आपोआप चालू असतो. प्रीलोड स्क्रिप्टमधून (पान आणि बाकी ॲप यांना जोडणाऱ्या कोडमधून) ‘पुस्तक नोंदव’, ‘पुस्तक परत घे’ अशी नेमकी मोजकी कामं पानाला दे आणि मेन प्रोसेसमध्ये (फाईली आणि खिडक्या सांभाळणाऱ्या भागात) आलेली माहिती पुन्हा तपास. तुझ्या कोडमधला हाच भाग मी सगळ्यात आधी उघडून बघेन. आणि इलेक्ट्रॉनच्या ताज्या तीनच मुख्य आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात, म्हणून प्रोजेक्ट संपेपर्यंत तुझी आवृत्ती जुनी पडू देऊ नकोस.

तुझ्याकडे मॅक नसेल. गिटहबवर कोड सार्वजनिक ठेवलास, तर गिटहब ॲक्शन्समध्ये (त्यांच्या मशीनवर अशी कामं आपोआप करून देणाऱ्या सोयीत) विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर फुकट बिल्ड करता येतं. लिनक्ससाठी ॲपइमेज आणि डेब एवढे दोन पॅकेजचे प्रकार पुरे. मग ओळखीतल्या पाच-सहा जणांना ॲप दे, त्यांच्या तक्रारी लिहून ठेव, दुरुस्त कर आणि नवी आवृत्ती काढ. सीव्हीमध्ये ‘इलेक्ट्रॉन येतं’ यापेक्षा ही आवृत्त्यांची यादी आणि प्रत्येकीत काय बदललं ते दिसू दे.

परीक्षेमुळे वेळ कमी पडला, तर आधी मॅक सोड, मग लिनक्स सोड. विंडोजवरचं अपडेट मात्र एकदा पूर्ण करून बघ: जुनी आवृत्ती बसव, तिच्यात नोंदी भर, नवी आवृत्ती येऊ दे आणि नोंदी तशाच आहेत का ते तपास.