‘येस’ म्हणण्यापूर्वी
हिंजवडीत नव्याने नोकरीला लागल्यावर परदेशी ग्राहकाच्या प्रत्येक वाक्याला ‘येस, येस’ म्हणू नका. त्यातून तुम्हाला नुसते समजले की तुम्ही ते मान्यही केले, हे त्याला कळत नाही. खात्री करायची असेल तर ‘सो, यू नीड द रिपोर्ट बाय फ्रायडे, राइट?’ असे त्याचेच म्हणणे आपल्या शब्दांत मांडा, आणि खरोखर पटले असेल तेव्हाच ‘आय अ‍ॅग्री’ म्हणा (‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ कटाक्षाने टाळा). सर्वांत मोठा घोळ नकारार्थी प्रश्नांत होतो: ‘डिडन्ट यू गेट द फाइल?’ याला आपण ‘हो, नाही मिळाली’ या सवयीने ‘येस’ म्हणतो आणि समोरचा फाइल मिळाली असे समजून पुढे जातो. तिथे ‘नो, आय डिडन्ट’ असे पूर्ण उत्तर द्या.