वाचकांचे प्रश्न : निसर्गचित्रांचं प्रदर्शन मांडताना

प्रश्न : माझी जलरंगातली निसर्गचित्रं तीन आठवडे गॅलरीत लागणार आहेत. मागच्या प्रदर्शनानंतर दोन चित्रांचे कागद काचेआड फुगलेले दिसले आणि एका चित्रातली संध्याकाळची लाली उतरल्यासारखी वाटली. दोष फ्रेमचा की रंगांचा?

उत्तर : कागद फुगला तो फ्रेमिंगमुळे. लाली उतरली ती बहुधा रंगामुळे.

कागद हवेतली ओल शोषतो तेव्हा पसरतो, सुकला की आकसतो. चारही कडा चिकटवल्या तर पसरायला जागाच उरत नाही, म्हणून तो मधोमध उचलला जातो. चित्र फक्त वरच्या कडेला, दोन कागदी बिजागऱ्यांवर टांगा. त्यासाठी जपानी कोझो कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा. खळ घट्टसर हवी, नाहीतर तिच्या पाण्यानंच कागदाला सुरकुती पडते. वर टिपकागद आणि वजन ठेवून पूर्ण सुकू द्या. सेलोटेप किंवा मास्किंग टेप अजिबात नको. त्यांचा गोंद कागदात मुरून पिवळा पडतो. शिवाय वरच्या कडेला नेमकं आकाश असतं. तिथला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, सगळ्यात पातळ, त्यामुळे डाग पहिल्यांदा तिथंच उमटतो.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला पुठ्ठा, आम्लरहित घ्या. माउंटची खिडकी चित्राच्या कडेवर ३ ते ५ मिमी यावी. फ्रेमच्या खाचेत माउंट ठासून बसवू नका, दोन्ही दिशांनी २-३ मिमी सैल ठेवा. माउंटमुळे काच आणि कागद यांत अंतर राहतं. ते नसेल तर काचेला धरलेला दमटपणा थेट रंगावर येतो आणि बुरशी धरते.

आता लालीबद्दल. तुमच्या ट्यूबवर पीआर ८३ हा रंगद्रव्याचा क्रमांक आहे का, ते पाहा. ते जुनं ॲलिझरिन क्रिमसन, एक गडद लाल रंग. त्याचा पातळ वॉश उजेडात लवकर उडतो. संध्याकाळच्या करड्या ढगात ते अल्ट्रामरीन या निळ्यात मिसळलेलं असेल, तर लाल निघून जातं आणि ढग निळे उरतात. सतराव्या शतकातल्या अनेक डच निसर्गचित्रांत झाडांची पानं आज निळसर दिसतात, कारण हिरव्यातला कच्चा पिवळा उडून गेला. ॲलिझरिनऐवजी क्विनाक्रिडोन हे रंगद्रव्य, म्हणजे पीव्ही १९, वापरा. शंका असलेल्या प्रत्येक रंगाची पट्टी रंगवून अर्धी जाड पुठ्ठ्यानं झाका आणि तीन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवा. नावावर विसंबण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

गॅलरीत मात्र उजेड मोजूनच घ्या. कागदावरच्या कामासाठी ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) ही संग्रहालयांची रूढ मर्यादा आहे. रोज ८ तास धरले तर २१ दिवसांत ८,४०० लक्स-तास होतात. तोच दिवा ३०० लक्सचा असेल तर ५०,४००. नुकसान साठत जातं, चित्र नंतर अंधारात ठेवून ते भरून निघत नाही. दिवे ९० किंवा त्याहून अधिक सीआरआयचे मागा. दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात, ते हा आकडा सांगतो. कमी सीआरआयमध्ये हिरव्यांच्या छटा एकमेकींत मिसळून जातात आणि निसर्गचित्राचा जीवच जातो.

प्रश्न : एकाच मापाच्या फ्रेम सरळ रेषेत लावल्या, तरी भिंतीवर नजर वर-खाली उड्या मारते. असं का होतं?

उत्तर : क्षितिजांमुळे. ६० सेंमी उंचीच्या एका चित्रात क्षितिज वरून २० सेंमीवर असेल आणि शेजारच्यात ४० सेंमीवर, तर दोघांमध्ये २० सेंमीची पायरी तयार होते. क्षितिजं जुळवायला फ्रेम वर-खाली करू नका. कडा विस्कटतात आणि ते जास्त खुपतं. चित्रांचा क्रम बदला. उंच क्षितिजाची चित्रं एकत्र घ्या. जिथं बदल होतो तिथं क्षितिज नसलेलं चित्र ठेवा : धुकं, झाडाचं खोड, जवळून पाहिलेलं पाणी. क्रम आधी जमिनीवर मांडून ठरवा.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर असावा. खिळ्याची उंची काढताना मध्याच्या उंचीत फ्रेमची अर्धी उंची मिळवा आणि फ्रेममागची टांगायची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकं वजा करा. १४८ अधिक ३० वजा ८, म्हणजे १७०. तार बोटानं वर ओढून, ताणलेली असतानाच मोजा. सैल तारेवर मोजलं तर चित्र ठरवल्यापेक्षा खाली बसतं. एका खिळ्याऐवजी दोन हुक लावले की चित्र तिरकं होत नाही.

भिंत १२ मीटरची आणि फ्रेम ६० सेंमी रुंद असेल, तर ४५ सेंमीच्या फटींनी दहा चित्रं बसतात आणि दोन्ही टोकांना जवळपास मीटरभर भिंत मोकळी राहते. अकरावं चित्र बसतं, पण लावू नये. विस्तीर्ण माळ रंगवलेल्या चित्राला आजूबाजूला रिकामी भिंत लागतेच.

प्रश्न : तैलचित्रं दोन महिन्यांपूर्वी संपवली. प्रदर्शनाआधी व्हार्निश करू का?

उत्तर : पारंपरिक अंतिम व्हार्निश आत्ता नको. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. जाड थर असतील तर आणखी. झाडाखालच्या सावल्या, विशेषतः अंबर (umber) या तपकिरी रंगाचे भाग, मातकट आणि निस्तेज दिसत असतील आणि पृष्ठभाग हाताला कोरडा लागत असेल, तर रिटचिंग व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या पातळ व्हार्निशचा, एक पातळ हात पुरतो.

प्रश्न : चित्रं दुसऱ्या शहरात पाठवायची आहेत. पॅकिंग कसं करावं?

उत्तर : बबल रॅप रंगाला थेट लावू नका, गोल ठसे उठतात. आधी ग्लासाइन, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद, मग फोमबोर्ड, त्यावर बबल रॅप. काचेवर मास्किंग टेपची फुली मारा, फुटली तरी तुकडे जागेवर राहतात. ॲक्रिलिक रंग उष्णतेत चिकट होतात, म्हणून दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवू नका. खोके गॅलरीत पोचले की चोवीस तास बंदच राहू द्या. बाहेरच्या आणि आतल्या हवेत फरक असला की लगेच उघडलेल्या काचेवर आतून दव धरतं.