४६ पॉइंटवाली की ५ पॉइंटवाली?

प्रश्न : मी इथल्या एका कॉलेजात गणित शिकवते. शाळेत बास्केटबॉल खेळले होते, म्हणून यंदा मुलींची टीम माझ्याकडे आली. सतरा मुली आहेत, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बारा निवडायच्या आहेत. आतापर्यंत चार सराव मॅच झाल्या. एकीने त्यांत ४६ पॉइंट केले, दुसरीने फक्त ५. तरी बघताना मला दुसरीच जास्त कामाची वाटते. आकडे खरे मानू की डोळे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तुम्ही गणिताच्या, तेव्हा आधी आकड्यांचंच बोलू. एखादीने बारा शॉट मारले, सहा बास्केट झाले, की आपण लिहितो ५० टक्के. त्यातला एक चेंडू रिंगवर फिरून बाहेर पडला असता तर ४२ टक्केच झाले असते. एका चेंडूने आठ टक्के हलणाऱ्या आकड्यावर मुलीची निवड करायची नाही. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे चार मॅचची १६० मिनिटं. ४६ पॉइंटसमोर लिहा, ती त्यातली किती मिनिटं खेळली आणि शॉट किती मारले. साठ शॉट मारून ४६ केले असतील, तर बाकीच्या चौघींच्या हातात चेंडू आलाच किती?

आता डोळ्यांचं. दुसरी कामाची का वाटते, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. ते वहीत उतरवाच. शॉट हवेत गेला की बहुतेक मुली चेंडूकडे बघत उभ्या राहतात. एखादीच आधी समोरच्या टीममधली आपल्या वाट्याची मुलगी शोधते, तिला पाठीमागे ठेवून अडवते आणि मग वर बघते. चेंडू समोरच्यांकडे गेला की परत धावायची पहिली तीन पावलं कोण टाकतं? डिफेन्समध्ये मागून स्क्रीन येतोय, म्हणजे समोरची एखादी वाट अडवून उभी राहतेय, हे ओरडून कोण सांगतं? हात एक दिवस चालतो, एक दिवस चालत नाही. या सवयी मात्र पहिल्या आठवड्यात दिसतात तशाच शेवटपर्यंत दिसतात.

मी हे एका मुलीच्या वाट्याला अन्याय देऊन शिकले. दोन मॅचमध्ये चारच पॉइंट, म्हणून तिला बसवलं. तिच्या जागी घेतलेलीने दहा पॉइंट केले, आणि पंधरा दिवसांपूर्वी आम्ही जिला हरवलं होतं त्याच टीमशी हरलो. समोरची उंच सेंटर आधीच्या मॅचमध्ये मी बसवलेल्या मुलीमुळे रिंगखाली पोचतच नव्हती. या वेळी ती आरामात उभी राहून रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेले चेंडू, घेत होती. मैदानातच, सगळ्यांसमोर, मी त्या मुलीची माफी मागितली.

म्हणून बेंचवरच्या एका मुलीला वही द्या. कुणी आत-बाहेर झालं की वेळ आणि दोन्ही टीमचा स्कोअर लिहायचा, म्हणजे कोण आत असताना टीम किती पुढे किंवा मागे गेली ते निघतं. चार मॅचवर हाही आकडा कच्चाच असतो, पण कुठे नीट बघायचं ते कळतं.

पुरेसा जमवता येईल असा आकडा फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून मोकळा मारायच्या शॉटचा. रेषा बोर्डापासून ४.६ मीटरवर, अंगावर कुणी नाही. प्रत्येकीला सराव संपताना, दम लागलेला असताना, रोज दहा मारायला लावा. पाच दिवसांत पन्नास होतात. सुरुवातीला, ताज्या अंगाने घेतलेले धरू नका.

चेंडूही बघून घ्या. मुलींचा चेंडू ६ नंबरचा असतो आणि कॉलेजांत बहुतेक मुलांचा ७ नंबरचाच पडलेला असतो. मोठ्या, जड चेंडूवर शिकलेली पोर ६ नंबर हातात आल्यावर काही दिवस लांब मारते. आणि इंदूरच्या पावसात उघडं सिमेंटचं मैदान आठ-आठ दिवस ओलं राहतं, त्यामुळे कुणाचं धावणं कमी पडत असेल तर तेवढ्यावरून तिला कच्ची ठरवू नका. दम तीन आठवड्यांत भरून येतो.

दहा नावं आता पक्की करा. दोन जागा नावं द्यायच्या तारखेपर्यंत मोकळ्या ठेवा. ज्या पाच राहतील त्यांना नोटीस बोर्डावरून कळू देऊ नका, एकेकीला बोलावून कारण सांगा. आणि त्या ५ पॉइंटवालीला पुढच्या मॅचमध्ये पूर्ण दोन क्वार्टर द्या, समोरच्या सगळ्यात चांगल्या मुलीला अडवायला.