न्यूरॉलॉजीत येऊन मनोविकारांवर संशोधन करायचं असेल तर

वाट ठरलेली आहे: एमबीबीएस, मग मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्समध्ये ३ वर्षांचं एमडी, नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा देऊन डीएम न्यूरॉलॉजीची (मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांचं शिक्षण) आणखी ३ वर्षं. एमडीनंतर धारवाडच्या डिमहान्समध्ये किंवा बंगळूरच्या निम्हान्समध्ये (दोन्ही मनोविकार आणि मेंदूविकारांच्या संस्था) मानसोपचाराच्या वॉर्डात काम मिळालं तर सोडू नका.

आपल्याकडे सीमाभागात खरी अडचण भाषेची. खानापूर-निपाणीकडचा पेशंट घरी मराठी बोलतो, शाळा मात्र कन्नड झालेली. स्मरणशक्तीची चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची ते त्यालाच विचारा, नातेवाइकाला नव्हे, आणि केसपेपरवर लिहा. एका मिनिटात जमतील तितके प्राणी सांगायच्या चाचणीत 'कुत्रा' म्हणून पुढे 'नायी' (कन्नडमध्ये कुत्राच) म्हणाला, तर प्राणी एकच धरा. भाषा बदलली म्हणून गुण मात्र कापू नका. भाषा लिहिलेली नसली, तर पुढच्या वेळी कुणी दुसऱ्याच भाषेत चाचणी घेतली की गुण घसरतात आणि नसलेला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कागदावर उभा राहतो.

तरुण मुलीला अचानक भास होऊ लागले, काही दिवसांत फिट आली, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली दिसल्या, तर 'अंगात आलंय' किंवा 'नुसतं मानसिक आहे' यावर थांबू नका. २००७ मध्ये नाव मिळालेला एनएमडीए-रिसेप्टर एन्सेफलायटिस असू शकतो, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडीमुळे मेंदूला येणारी सूज. ही अँटिबॉडी रक्तासोबत पाठीच्या पाण्यातही (मणक्यातून सुईने काढलेल्या द्रवात) तपासा, नुसत्या रक्तात निसटू शकते. ओव्हरीतली गाठही शोधा. वेळेत उपचार झाले तर बऱ्याच मुली बऱ्या होतात!

संशोधनात एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी एकही फॉर्म भरू नका. संमतीपत्र मराठी-कन्नड दोन्हीत ठेवा.