न आलेल्या पेशंटची वही

प्रिय पोरी,

कॅन्सरच्या डे-केअर वॉर्डला, म्हणजे दिवसा केमो देऊन घरी सोडतात तिथं, रुजू झालीस, फार बरं वाटलं. शीर कशी शोधायची, सलाईन कुठल्या वेगानं सोडायचं, हे तिथल्या सिस्टर शिकवतील. मी लिहितेय ते साथीबद्दल. कोविडसारखी साथ पुन्हा आली तर कॅन्सरच्या पेशंटचं काय होतं, हे तुला आधीच ठाऊक असलेलं बरं.

साथीत बाकीचे वॉर्ड ओसंडून वाहतात, आणि आपल्या खुर्च्या रिकाम्या पडतात. मार्च २०२० मध्ये एसटी थांबली, महालक्ष्मी एक्सप्रेस थांबली. परळला टाटाला जाणारे घरात अडकले. चंदगड-गगनबावड्याच्या माणसांना कोल्हापूरही लांब झालं. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांची आकडेवारी पुढं लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नवे पेशंट आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी, मोठी ऑपरेशन्स निम्म्यावर. कॅन्सर थोडाच कमी झाला होता! गाठी घरोघरी वाढत होत्या. उपचार चार आठवडे लांबले तरी मृत्यूचा धोका साधारण ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असं त्याच वर्षी बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं.

म्हणून न आलेल्यांची वही ठेव. रोज संध्याकाळी आजच्या यादीतून कोण आलं नाही ते उतरव आणि दुसऱ्या दिवशी फोन लाव. फाइलवरचा नंबर बऱ्याचदा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला असलेल्या पुतण्याचा निघतो, आणि त्याला काकूचं काही माहीत नसतं. तेव्हा पहिल्याच भेटीत शेजाऱ्याचा आणि गावातल्या आशाताईंचा नंबर घेऊन ठेव. आशाताईंइतकी घराची खबर कुणालाच नसते.

आता तापाचं. हे नीट वाच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अगदी खाली जातात. तेव्हा ताप १००.४ च्या वर गेला, तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. साथीच्या दिवसांत मात्र ताप म्हटलं की माणूस फीवर ओपीडीच्या रांगेत जातो. स्वॅब घेतात, रिपोर्ट येईपर्यंत थांबा म्हणतात. इतका वेळ या पेशंटकडे नसतो. स्वॅब घ्यावाच, पण त्याच वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ब्लड कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) यांसाठी रक्तही जावं, आणि औषध रिपोर्टसाठी अडू नये. प्रत्येक पेशंटच्या फाइलच्या पिशवीत एक जाड कार्ड घाल: ‘केमो चालू आहे’, शेवटच्या केमोची तारीख, आपल्या वॉर्डचा नंबर. आणि नातेवाइकांकडून घोकून घे: दारात पोचल्यावर आधी ‘केमो झालीय’ म्हणायचं, ताप नंतर सांगायचा.

फोनवरच्या तपासणीनं पुष्कळांची सोय झाली, ते खरंच. पण आपल्याकडं तंबाखू-मिसरीमुळं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट किती, बघतेसच. गालाच्या आतला चट्टा फोनवर कळत नाही, आणि मास्कखाली सुजलेला जबडा घरच्यांनाही दिसत नाही. त्यांना बोलावूनच घ्यायचं. मॉर्फिनवर असलेल्यांचंही तसंच. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत हे औषध फोनवरून लिहून द्यायला परवानगीच नव्हती. साथीची चाहूल लागली की पहिल्यांदा त्यांच्या फाइल वर काढ, गोळ्या किती उरल्यात विचार. वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला बंदोबस्त संपेपर्यंत थांब म्हणता येत नाही गं.

आणि आपल्या गावाला साथ एकटी गाठेल असंही नाही. जुलै २०२१ मध्ये कोविड चालू असतानाच पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी हायवेवर आलं. नदीपलीकडच्यांना पाऊस वाढायच्या आत अलीकडं पाहुण्यांकडं येऊन राहायला सांग. रक्तदान शिबिरं बंद पडतात आणि प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून पेठांतल्या तालमींच्या पोरांची रक्तगटासकट यादी हाताशी असू दे. हाक मारली की ती पोरं येतात.

सगळ्यात जास्त वेळा तुला विचारतील, ‘सिस्टर, केमो पुढं ढकलू का?’ भीती खोटी नसते. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटना कोविड जास्त जड गेला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगी लसही कमी लागली. म्हणून घरातल्या बाकी सगळ्यांची लस झाली का, ते विचारत जा. पण ढकलण्याचं उत्तर सरसकट नसतं. हार्मोनच्या गोळ्यांवर असणाऱ्या काही स्तनांच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन थोडं थांबू शकतं, काहींचं शेकणं (रेडिएशन) पाच दिवसांत उरकता येतं. अॅक्युट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्यानं वाढणारा रक्ताचा कॅन्सर, मात्र आठवडाभरही थांबत नाही. तू स्वतः ‘चालेल’ म्हणू नकोस, आणि पेशंटला घरी बसून ठरवू देऊ नकोस. तिथल्या तिथं डॉक्टरांशी बोलणं करून दे. थांबायचं ठरलं तर पुढची तारीख फाइलवर लिहून घे आणि त्या दिवशी सकाळी फोन कर.

तुझी,
ताई