वटवाघळातला व्हायरस ‘नवीन’ आहे हे कसं कळतं?

प्रश्न : आमच्या गावात देवळामागच्या वडावर पिढ्यान् पिढ्या वटवाघळं आहेत. त्यांच्यात नवीन व्हायरस सापडतात असे मेसेज फिरायला लागल्यापासून झाड तोडा म्हणून लोक मागे लागलेत. व्हायरस नवीन आहे हे ठरवतात कसं, आणि झाडाचं काय करावं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : झाड तोडू नका, हे आधी सांगते, मग बाकीचं.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. २०१० च्या एका सर्व्हेत पुण्याच्या एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेला, पश्चिम भारतातल्या रूसेटस जातीच्या, म्हणजे फळं खाणाऱ्या वटवाघळांत एक व्हायरस मिळाला, त्याचं नाव मलसूर. असा व्हायरस पकडायचा तर सॅम्पल लॅबमध्ये वाढवलेल्या माकडाच्या किडनीच्या पेशींवर टाकतात, त्यांना व्हेरो पेशी म्हणतात, आणि त्या पेशी बिघडायला लागल्या की आत काहीतरी वाढतंय असा संशय येतो, मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचं. तिथे आकार दिसतो, त्यावरून घराण्याचा अंदाज येतो, पण नेमका कोण ते नाही कळत. त्यासाठी अख्खा जीनोम, म्हणजे व्हायरसचा सगळा जनुकीय मजकूर, वाचून माहीत असलेल्या व्हायरसांशी ताडून बघावा लागतो. मलसूरचा वाचला तर चीनमधला एसएफटीएस (ताप आणून प्लेटलेट्स कमी करणारा) आणि अमेरिकेतला हार्टलँड हे त्याचे जवळचे नातेवाईक निघाले, दोन्ही गोचिडीतून माणसाला होणारे. नातं जवळचं पण हुबेहूब तो नाही, म्हणून नवीन.

आणि इथेच लोकांची गडबड होते. भाऊबंद आजार करतात म्हणून हाही करेलच असं अजिबात नाही, तो माणसाच्या पेशीत शिरतो का, आसपासच्या लोकांच्या रक्तात त्याच्या अँटीबॉडीज आहेत का, हे वेगळं तपासावं लागतं आणि त्याला वर्षं लागतात. ‘नवीन’ म्हणजे आपल्याला नवीन हो, वटवाघळात तो कधीपासून असेल! बांगलादेशात मोठ्या फळवाघळाच्या एकाच जातीत ५५ व्हायरस मिळाले, त्यातले बहुतेक आधी कुणाला माहीतच नव्हते.

आता तुमचा वड. ऑस्ट्रेलियात जंगल तुटलं, खाणं कमी पडलं तशी वटवाघळं वस्तीजवळ आली आणि त्यांच्यातला हेंड्रा व्हायरस घोड्यांपर्यंत जायचं प्रमाण वाढलं. वड तोडलात तर तुमची वटवाघळंही अशीच कुठेतरी घरांजवळच येऊन बसतील. त्यापेक्षा खाली पडलेलं उष्टं फळ पोरांना खाऊ देऊ नका आणि मेलेलं किंवा जखमी वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका, फॉरेस्टवाल्यांना कळवा.