टॅब लपवला, थकबाकी मात्र लिफ्टमध्ये

प्रश्न : सिंहगड रोडला आमची ४२ फ्लॅटची सोसायटी आहे, मी खजिनदार (दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून). हिशोब गूगल शीटमध्ये असतो, एकाच फाइलमध्ये जमाखर्च, टँकर, वॉचमनचा पगार आणि थकबाकी असे चार टॅब, आणि लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलीये. थकबाकीचा टॅब प्रोटेक्ट केला, हाइडही केला, तरी परवा लिफ्टमध्ये एका काकांनी कोणाचे किती बाकी ते मलाच आकड्यासकट ऐकवलं! तो टॅब फक्त कमिटीला दिसेल असं कसं करू?

उत्तर : काकांनी हॅकिंग वगैरे काही केलेलं नाही हो. प्रोटेक्टने फक्त बदल करणं अडतं, बघणं नाही. आणि हाइडचं म्हणाल तर ज्याला एडिटचा हक्क आहे तो व्ह्यू मेनूतून टॅब सरळ उघडतो, नुसता व्ह्यूवाला असला तरी 'मेक अ कॉपी' करून स्वतःच्या कॉपीत उघडतो, दोन मिनिटांचं काम. गूगल शीटमध्ये शेअर होते ती अख्खी फाइल, एखादा टॅब कोणाला दिसू नये अशी सोयच नाहीये. एक्सेलमध्ये 'व्हेरी हिडन' आहे, म्हणजे अनहाइडच्या यादीतही न दिसणारा टॅब, पण तोही आल्ट एफ-११ दाबून, कोडची खिडकी उघडून कोणी उघडू शकतं, म्हणजे कुलूप नाही, नुसती कडी.

मग करायचं काय, तर दोन फाइली. आता बहुतेक जण थकबाकीचा टॅब उचलून नव्या फाइलमध्ये नेतात, तसं करू नका, कारण जुन्या फाइलच्या व्हर्जन हिस्टरीत (फाइलच्या आधीच्या रूपांच्या नोंदीत) तो राहतो आणि एडिटवाल्यांना दिसतो. उलट करा, जुनी फाइल कमिटीपुरती ठेवून शेअरमध्ये जनरल ॲक्सेस 'रिस्ट्रिक्टेड' करा, कमिटीबाहेरच्या कोणाला आधी नावाने दिली असेल तर तीही नावं काढा, आणि सभासदांसाठी कोरी फाइल काढून तिच्यात इम्पोर्टरेंजने (दुसऱ्या फाइलमधले आकडे आणणारा फॉर्म्युला) बाकीचे तीन टॅब ओढा. पहिल्यांदा सेलमध्ये रेफ एरर (#REF!) येईल, घाबरू नका, त्या सेलवर जाऊन 'अलाउ ॲक्सेस' दाबलं की आकडे येतात, आणि पुढे जुन्या फाइलमध्ये भरलेलं आपोआप इकडे उमटतं. फक्त ही नवी फाइल सभासदांना व्ह्यूच द्या, एडिट दिलंत तर कोणीतरी फॉर्म्युल्यात टॅबचं नाव बदलून थकबाकीच ओढेल.

काकांनी आधीच कॉपी करून ठेवली असेल तर ती मात्र परत घेता येत नाही.